पायारेषा

सातमाळा विद्यापीठात शैवाकशास्त्राचा विभाग आहे, हे विद्यापीठातल्याच बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं, ते त्याला 'मसाल्याचा विभाग' म्हणत. शैवाक म्हणजे दगडफूल, काळ्या मसाल्यात पडतं ते. खडकावर, झाडाच्या सालीवर, देवळाच्या पायरीवर जे राखाडी-हिरवे पापुद्रे धरतात, तेही त्याच कुळातले. बुरशी आणि शेवाळ एकमेकांत इतकी मिसळून राहतात, की दोघांना मिळून एकच नाव द्यावं लागतं. बुरशी घर सांभाळते, शेवाळ स्वयंपाक करतं. हवा बिघडली की सगळ्यांत आधी शैवाक मरतात, म्हणून कारखानदारांना ते आवडत नाहीत. आणि वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतात, म्हणून संशोधनाला अनुदान देणाऱ्यांनाही आवडत नाहीत.

जुईली खैरनारला आवडत. सटाण्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करताना तिने एकदा आईच्या डब्यातलं दगडफूल उचलून भिंगाखाली धरलं होतं. त्या चिमूटभर कचऱ्यात एक आख्खं जंगल निघालं. पुढे एम.एस्सी. करायची तर याच विषयात, असं तिने जाहीर केलं तेव्हा आई म्हणाली, "मसालाच शिकायचा होता तर मी शिकवला असता की. दोन वर्षं कशाला लागतात?"

त्या वर्षी पाच जणांनी प्रवेश घेतला. विभागप्रमुख डॉ. सोनजे यांनी पेढे वाटले. पहिले पंधरा-वीस दिवस मजेत गेले. पाचही जण भिंगं गळ्यात अडकवून डोंगरावर हुंदडले, एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं, एकमेकांच्या नावाने हजेऱ्या लावल्या. मग दोघांना पुण्यात डेटा सायन्सला प्रवेश मिळाला. एक तलाठी झाला. आणि चौथ्याला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी फक्त हॉस्टेलची खोली हवी होती. ती मिळणार नाही म्हटल्यावर त्याचं शैवाकांवरचं प्रेम आटलं. गणपती उठले तेव्हा वर्गात जुईली उरली होती.

सोनजे सर तरीही पाचही नावं घेऊन हजेरी घेत. नियमाप्रमाणे नावं अजून पटावर होती. सर "रोल नंबर एक" म्हणत, थांबत, मान वर करून रिकाम्या बाकांकडे बघत, आणि मग "रोल नंबर दोन" म्हणत. जुईली चार नंबर होती. तिची 'प्रेझेंट' येईपर्यंत वर्गात एक शांतता साचायची. मग शिकवायला लागले की म्हणत, "सगळ्यांनी आकृती काढून घ्या."

जुईली सगळ्यांच्या वतीने आकृती काढून घेई.

आता जुईलीच्या हातातल्या कड्याबद्दल सांगायला हवं.

पूर्वी वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्यांकडून अभ्यासक्रमाबद्दल अभिप्राय भरून घेत. वर्षभर वर्गात न फिरकलेली मुलंही 'अत्युत्कृष्ट'वर खूण करून मोकळी होत. एका विद्यापीठात तर दोन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या अभ्यासक्रमालाही विद्यार्थ्यांनी भरभरून 'अत्युत्कृष्ट' दिलं. तेव्हा सरकारने ठरवलं, की मत आता विचारायचं नाही, मोजायचं.

यंत्र साधं होतं. मनगटावर एक कडं. नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर ते मोजे. निवांत माणसाचं हे अंतर सतत किंचित कमी-जास्त होत असतं, ताणलेल्या माणसाचं घड्याळासारखं एकसारखं पडतं. कातडीवर डोळ्यांना न दिसणारा घाम येतो, तो विजेला किती वाट देतो हेही कडं मोजे. आवाजाचा चढउतार ऐके, शब्द मात्र ऐकत नसे. शब्द ऐकणं हा खासगीपणाचा भंग झाला असता. शिवाय शब्दांवर कोणाचा विश्वासही उरला नव्हता. या सगळ्याची गोळाबेरीज करून शंभरपैकी एक आकडा निघे. तोच त्या अभ्यासक्रमाचा 'समाधान निर्देशांक'. विभागाच्या दारावर लाल दिव्यांच्या पाटीवर तो दिवसभर झळके.

पण कोणाची नाडी मुळातच धावती, कोणाची रेंगाळती. म्हणून प्रत्येकाला त्याच्याच मापाने मोजत. पहिल्या पंधरवड्यात कडं नुसतं बघत राही आणि या माणसाचं 'नेहमीचं' काय, ते ठरवी. ती त्याची पायारेषा. पुढचं सगळं त्या रेषेच्या वर किंवा खाली.

काय वाटतंय ते कड्याला नेमकं कळे. कशामुळे वाटतंय, ते मात्र कळत नसे. एखाद्याची दाढ दुखली की अर्थशास्त्राचा निर्देशांक घसरे. प्रेमभंगाच्या मोसमात आख्खी कलाशाखा धोक्यात येई. यावर तज्ज्ञांचं म्हणणं असं, की विद्यार्थी शेकड्यांनी असतात, त्यामुळे सरासरीत हे सगळं धुऊन निघतं.

शैवाकशास्त्राची सरासरी म्हणजे जुईली.

दसऱ्याच्या सुमारास पाटीवर एक्केचाळीस आले. सत्राअखेर पंचावन्नच्या खाली राहिलेला अभ्यासक्रम बंद करायचा, असा नियम होता. 'बंद' हा शब्द नियमात नव्हता, 'विलीनीकरण' होता. शैवाकशास्त्र अन्नप्रक्रिया विभागाच्या मसाला तंत्रज्ञान पदविकेत विलीन होणार होतं. म्हणजे आईचं म्हणणं शासनदरबारी मान्य होणार होतं.

सोनजे सरांनी जुईलीला केबिनमध्ये बोलावलं.

"खैरनार, काही कमी पडतंय का आमचं?"

"नाही सर. खरंच नाही. शिकवणं फार छान आहे."

सरांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. "हे तर नाही म्हणतंय."

"सर, मला विषय आवडतो. शप्पथ."

"तुझ्यावर विश्वास आहे गं माझा. पण नियमाप्रमाणे तुझं बोलणं पुराव्यात धरत नाहीत."

त्यांनी आकड्याची फोड काढली. विषयातला रस अठ्ठ्याऐंशी. भीती नगण्य. कंटाळा नाहीच. एका रकान्याने मात्र सगळी बेरीज खाली ओढली होती. एकटेपणा.

सर बराच वेळ त्या रकान्याकडे बघत बसले. चौतीस वर्षं विद्यापीठात काढलेल्या माणसाला कुठल्याही दुःखावर एकच उपाय सुचतो. त्यांनी समिती नेमली.

'एकटेपणा निवारण समिती'चे अध्यक्ष सोनजे सर. शिक्षक सदस्य म्हणून डॉ. शमीम इनामदार. विभागात सरांखेरीज शिकवणाऱ्या त्या एकट्याच, आणि त्याही अकरा वर्षं तासिका तत्त्वावर. शिकवलेल्या तासाचे पैसे, सुट्टीला पैसे नाहीत, आणि विभाग गेला तर काहीच नाही. शिक्षकेतर प्रतिनिधी म्हणून प्रयोगशाळेतले पगारेमामा. आणि विद्यार्थी प्रतिनिधीशिवाय कुठलीही समिती वैध ठरत नाही, म्हणून कु. जुईली खैरनार.

"विषय क्रमांक एक," सरांनी वाचलं. "विद्यार्थिनीचा एकटेपणा. सदस्यांनी आपापली मतं मांडावीत."

सगळ्यांनी जुईलीकडे पाहिलं. जुईलीने टेबलाकडे पाहिलं.

पगारेमामा म्हणाले, "मी म्हणतो, पोरीसाठी स्थळ बघा. तेवीस लागलं ना?"

"मामा, लग्न हा एकटेपणावर उपाय असता तर—" इनामदार मॅडम बोलता बोलता थांबल्या. "सर, हे इतिवृत्तात घेऊ नका."

"घेत नाही."

शेवटी वेळापत्रक ठरलं. सोमवारी मॅडमनी विद्यार्थिनीबरोबर चहा घ्यावा. बुधवारी सरांनी तिला डोंगरावर न्यावं. शुक्रवारी मामांनी कॅरम खेळावा. या तासांना नाव हवं होतं. सरांनी 'सोबत (प्रात्यक्षिक)' असं लिहिलं. सूचक डॉ. सोनजे. आता अनुमोदक हवा. मॅडमचा फोन वाजला म्हणून त्या बाहेर गेल्या होत्या, मामा चहा आणायला उठले होते. जुईलीनेच अनुमोदन दिलं.

पहिल्या आठवड्यात पाटीवर बावन्न आले. सरांनी शेजारच्या भूगोल विभागात जाऊन सहज म्हणून सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यापासून आकडा पुन्हा घसरू लागला. कड्यावर एक बारीक दिवा होता. समाधान रेषेच्या वर असलं की हिरवा, खाली गेलं की पिवळा. मामा सोंगटी मारायचे आणि आधी राणी गेली का ते न बघता जुईलीच्या मनगटाकडे बघायचे. सर डोंगरावर एखादा विनोद करायचे आणि चष्मा वर सरकवून दिवा न्याहाळायचे. पिवळाच राहिला तर तोच विनोद पुन्हा, जरा मोठ्याने. जुईली हसायची. हसण्याचा आवाज तेवढा यायचा, दिवा पिवळाच. तिला सरांची दया यायची. दयेचा रंगही पिवळाच निघाला.

मॅडमनी मात्र एका सोमवारी चहा ओतता ओतता आपली ओढणी काढली आणि जुईलीच्या मनगटावर टाकली.

"झाक ते. मला तुझ्याशी बोलायचंय."

"पण मॅडम, आकडा—"

"आकड्याला ओढणीतूनही दिसतं. मला दिसायला नको." त्या बसल्या. "तुला सांगू, माझी सना कॅनडाला गेल्यापासून घरात मी टीव्हीशी भांडते. परवा बातम्या देणारीला म्हटलं, अगं, नीट बस, पाठीला बाक येईल."

जुईलीला हसू फुटलं.

"हसू नको. त्या दिवसापासून ती ताठ बसते." मग त्यांनी विचारलं, "तू कोणाशी बोलतेस? खोलीत?"

"नमुन्यांशी," जुईली म्हणाली. "पण ते फार हळू उत्तर देतात."

त्या वर्षी ईद आणि दिवाळी मागेपुढे आल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "ईदला मालेगावला घरी ये. शीरखुर्मा करते. सना गेल्यापासून केलाच नाही. एकटीसाठी कोण खारका भिजवतं?"

ओढणीखाली दिवा कुठल्या रंगाचा होता, ते दोघींनीही पाहिलं नाही. पण सोमवारचा एक तास आख्ख्या आठवड्याला पुरत नाही. पाटी एकोणपन्नासावर येऊन थांबली.

मापन कक्षाचे देवरे तपासणीला आले, तेव्हा विभागात पाहुणे आल्यासारखी धावपळ झाली. देवरे पस्तिशीचे, दमलेले. कुठल्याही विभागात ते शिरले की सगळे हसरे चेहरे करून बसत, त्यामुळे खरा चेहरा बघून त्यांना बरीच वर्षं झाली असावीत. त्यांनी जुईलीची नोंद पाहिली. मग दार लोटून घेतलं.

"मी काही बोललो नाही असं समजा."

"समजलो," सर म्हणाले.

"हिची पायारेषाच चुकलीय. पहिल्या पंधरवड्यात ही पाच जणांत होती. खिदळत होती. यंत्राला वाटलं, हेच हिचं नेहमीचं. आता तुम्ही रोज बँड लावून नाचलात तरी ही रेषेच्या खालीच राहणार."

"मग रेषा बदला."

"रेषा बदलता येत नाही. कडं नादुरुस्त झालं, तर नवं कडं मिळतं. नव्या कड्याला नवा पंधरवडा, नवी रेषा." देवरेंनी चहा संपवला. "पण कडी सहसा बिघडत नाहीत. चांगली मजबूत असतात. नुसत्या धक्क्याने काही होत नाही." ते गेले.

सर, मॅडम आणि जुईली एकमेकांकडे बघू लागले. मामा तेवढे खिडकीतल्या खलबत्त्याकडे बघत होते. नमुने कुटायला ठेवलेला तो बिडाचा खलबत्ता होता.

बोलली ती जुईली. ती विज्ञानाची विद्यार्थिनी होती. मोजमाप कुठून सुरू केलं यावर उत्तर ठरतं, हे तिला पहिल्याच सत्रात शिकवलं होतं, आणि तेही याच लोकांनी.

"सर, नव्या पंधरवड्यात माझ्याशी कोणीच बोलायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे अजिबात नाही. चहा नाही, कॅरम नाही. शिकवणंसुद्धा रेकॉर्ड करून पाठवा. यंत्राला वाटेल, हिचं नेहमीचं हेच. मग पुढे कोणी नुसतं 'काय गं' म्हटलं तरी मी रेषेच्या वर."

सर विचारात पडले. "ही फसवणूक होईल, खैरनार."

"मी काहीच खोटं सांगणार नाही सर. फक्त मोजायला खालून सुरुवात करायची."

"सरकार विकासदर काढतं तसं," सर पुटपुटले, आणि त्यांच्या मनाचा बराचसा भार हलका झाला.

इनामदार मॅडम म्हणाल्या, "मला हे मान्य नाही. ही काय शिक्षा आहे का पोरीला? आणि मध्ये ईद आहे."

"मॅडम, ईद झाली की येईन ना मी. लगेच."

"शीरखुर्मा ईदनंतर नसतो, जुईली. नंतर असते ती शेवयांची खीर."

"तुमची नोकरी जाईल, मॅडम."

"माझ्या नोकरीचं मी बघते. अकरा वर्षं ती जायचीच आहे."

सरांनी विचारलं, "ठराव मांडलेला आहे. अनुमोदन?" मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. मामांनी हात वर केला. त्यांना आता प्रत्यक्ष कामाला लागायची घाई झाली होती.

कडं खलबत्त्यात पडलं. इतिवृत्तात तसंच नोंदलं आहे.

नवं कडं हातात चढलं आणि पंधरवडा सुरू झाला. जुईलीने आईला सांगितलं, परीक्षा आहे, इतके दिवस फोन करू नको. तिला वाटलं होतं, आई तिसऱ्या दिवशी करेलच. जन्मात कधी कोणाचं न ऐकलेल्या आईने नेमकं या वेळी ऐकलं.

विद्यापीठ ठराव अमलात आणत नाही, असं म्हणतात. हा आणला. मामा प्रयोगशाळेची किल्ली खिडकीत ठेवत आणि ती येण्याआधी निघून जात. सरांची व्याख्यानं पडद्यावर येत. त्यांतही सर सवयीने पाच नावं घेत आणि चार नंबरला थांबत. जुईली रिकाम्या वर्गात 'प्रेझेंट' म्हणे, आणि ते त्यांना ऐकू जात नसे. एकदा रस्त्याने समोरून सर आले. तिला बघून घाईघाईने पलीकडच्या कडेला गेले आणि एका निलगिरीच्या खोडाकडे अतिशय लक्षपूर्वक बघत उभे राहिले. निलगिरीची साल गळत राहते, तिच्यावर शैवाक सहसा धरत नाही. हे त्यांनीच शिकवलं होतं.

सुरुवातीला तिला गंमत वाटली. मग काहीच वाटेनासं झालं. ती भिंगाखाली बघत बसे. मेसमध्ये जेवण घेताना आचाऱ्याला बोटाने दोन पोळ्या दाखवी. एके दिवशी तिच्या हातातून काचपट्टी पडून फुटली, आणि ती "अरे!" म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकून तिने मागे वळून पाहिलं. कोणी आलं असं वाटलं तिला.

आणि हे सगळं बिनबोभाट अंगवळणी पडत होतं, याची तिला जास्त भीती वाटली. कड्याला तेच हवं होतं. दिवा मधेच लुकलुकून स्थिर होई. शिकत होता बिचारा.

ईदच्या दिवशी विद्यापीठाला सुट्टी होती. जुईली प्रयोगशाळेत होती. दुपारी व्हरांड्यात पावलं वाजली. तिला पावलं ओळखू आली. विभागात येणारी एवढी एकच चप्पल करकरत असे. तिने दार उघडलं. व्हरांड्याच्या त्या टोकाला मॅडम उभ्या होत्या. नवा मोरपिशी ड्रेस, हातात स्टीलचा दोन पुडांचा डबा. मालेगावाहून दोन एस. टी. बदलून त्या आल्या होत्या. सणाचं घर सोडून. सणाचं म्हणजे रिकामंच.

त्या काही बोलल्या नाहीत. ठराव त्यांनी पाळला. डबा फक्त थोडा वर उचलून दाखवला.

जुईलीच्या कड्यावरचा दिवा एकदम भडक हिरवा झाला. तिला आपली नाडी कानात ऐकू येत होती. पंधरवडा संपायला अगदी थोडे दिवस होते. आता हा एक आनंद रेषेत शिरला, की रेषा वर जाणार. रेषा वर गेली की आकडा खाली, आकडा खाली की विभाग नाही, विभाग नाही की मॅडमना तास नाहीत. हिशेब अगदी बरोबर होता. तिने तो मॅडमसाठीच मांडला होता.

तिने मान हलवली. नाही.

मॅडमना आधी कळलं नाही. त्या हसून दोन पावलं पुढे आल्या. जुईलीने हात पुढे करून तळवा दाखवला, रहदारीच्या पोलिसासारखा. मग दार लावून घेतलं.

दाराच्या काचेतून तिला मोरपिशी रंग बराच वेळ दिसत होता. मग करकर लांब गेली. तिला वाटलं होतं डबा तरी दारात ठेवून जातील. तिने दार उघडून पाहिलं. मॅडम कोणाच्या दारात अन्न ठेवून जाणाऱ्या नव्हत्या.

पंधरवडा संपल्यावर पहिल्याच सकाळी पगारेमामांनी "काय बाई, जिवंत आहे ना?" असं विचारलं, आणि पाटी ब्याण्णवावर गेली. संध्याकाळी सरांनी शाल पांघरून छोटंसं भाषण केलं, तेव्हा शंभराला टेकली. सत्राअखेरीस नव्या कड्याची सरासरी निघाली सत्त्याण्णव. राज्यात पहिला क्रमांक. एका वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला, खाली 'विद्यार्थ्यांच्या मनात घर करणारा विभाग' असं लिहिलं होतं. कुलगुरूंनी सरांना चहाला बोलावलं. आणि आदर्श विभागात कोणी तासिका तत्त्वावर असणं बरं दिसत नाही, म्हणून इनामदार मॅडमना दोन वर्षांचं पूर्ण वेळ कंत्राट मिळालं.

समितीची शेवटची बैठक झाली. सरांनी फोड वाचून दाखवली. "रस अठ्ठ्याण्णव. कंटाळा नाही. एकटेपणा," त्यांनी चष्मा पुसला, "शून्य."

मामांनी टाळ्या वाजवल्या.

"तेव्हा समितीचं प्रयोजन संपलेलं आहे. समिती आणि तिच्या अंतर्गत सुरू केलेले सोबतीचे तास बरखास्त करावेत, असं मी सुचवतो. कोणाचं काही म्हणणं?"

जुईलीने मॅडमकडे पाहिलं. मॅडम आपल्या नव्या कंत्राटाची प्रत घडी करून पर्समध्ये ठेवत होत्या.

"माझं म्हणणं होतं," जुईली म्हणाली, "की सोमवारचा तास... राहिला तरी..."

"पण कारण काय दाखवायचं?" सर खऱ्या काळजीने म्हणाले. "शून्य आहे ना. लेखापरीक्षणात विचारतील."

"अनुमोदन," मॅडम म्हणाल्या.

नंतर जिन्यात जुईलीने त्यांना गाठलं. "मॅडम, त्या दिवशी..."

"अगं, बरोबरच केलंस तू," मॅडम म्हणाल्या. "तुझ्यामुळे तर मिळालं हे. काही अडलं तर केबिनमध्ये येत जा. तीन ते चार असते मी." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काहीतरी करता आलं असतं. आता सोमवारी तीन ते चार त्या केबिनमध्ये असत, दार उघडं असे, आणि जुईली आत गेली की त्या पेन खाली ठेवून विचारत, "बोल, कुठे अडलंय?" अडलेलं असं नेमकं काही नसे. मग ती शैवाकांतल्या आम्लांबद्दल एखादी शंका विचारून, उत्तर लिहून घेऊन परत येई.

दिवा आता कायम हिरवा असे. तिला दिवसभरात कोणी नावाने हाक मारली नाही तरी हिरवा. तिला झोप लागत नसे तरी हिरवा.

उन्हाळ्यात पुढच्या वर्षाच्या चौकशा सुरू झाल्या. सत्त्याण्णव गुण पाहून आठ-दहा जणांनी विभागात फोन केला. नोकरी कुठे लागते, हे मामांनी खरंखरं सांगितल्यावर त्यांनी पुन्हा केला नाही. मेच्या सुरुवातीला एका दुपारी जुईलीचा फोन वाजला. संकेतस्थळावर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून तिचा नंबर होता.

"हॅलो, जुईली ताई का? मी मैथिली बच्छाव बोलतेय, कळवणहून. तुमच्या विभागाला सत्त्याण्णव आहेत ना?"

"हो."

"बाकी सगळीकडे साठ-पासष्ट आहेत. म्हणजे खरंच एवढं भारी आहे का?"

जुईलीने सवयीने मनगटाकडे पाहिलं. हिरवा. हो म्हणायचा अवकाश होता. पोरगी आली असती. आणि कोणीच आलं नाही, तर आपण पास होऊन गेल्यावर मोजायलाही कोणी नसणार, हे जुईलीइतकं कोणाला कळत होतं?

"विषय फार सुंदर आहे," ती म्हणाली. "एकदा भिंगातून बघितलंस ना, तर देवळाच्या पायरीवर पाय ठेवायची पंचाईत होईल तुझी. शिकवतातही जीव ओतून."

"आणि बाकी?"

"बाकी इथे बोलायला कोणी नाही."

"हॉस्टेलला का?"

"हॉस्टेलला, वर्गात, सगळीकडेच. वर्गात मी एकटी आहे."

"मग सत्त्याण्णव कसे आले?"

"आधी एकटं राहायची सवय केली. मग मोजलं."

हे वाक्य तिने कोणापुढे पहिल्यांदाच उच्चारलं होतं. मग तिला थांबवेना. खलबत्ता, समिती, पलीकडच्या कडेला गेलेले सर, सगळं सांगितलं. मोरपिशी ड्रेसपर्यंत आली आणि तेवढं गाळलं. मैथिली मध्ये मध्ये "अय्यो" म्हणत होती. समितीच्या ठरावाला हिनेच अनुमोदन दिलं, हे ऐकून ती खळखळून हसली, आणि जुईलीही हसली.

"तू आलीस तर दोघी होऊ," जुईली म्हणाली. "पण हे सगळं माहीत असून ये. आकडा बघून येऊ नको."

मैथिलीने थोडा विचार केला. "हॉस्टेलला पाणी येतं का, ताई?"

"एक दिवसाआड."

"बघते," मैथिली म्हणाली. "घरी विचारून सांगते."

'घरी विचारून सांगते' याचा अर्थ काढायला अजून यंत्र निघालेलं नाही. निघालं तरी आपल्याकडे त्याची गरज पडणार नाही. जुईलीने फोन ठेवला. उन्हाने प्रयोगशाळेच्या काचा तापल्या होत्या. ती उठली आणि तिच्या शेजारच्या सूक्ष्मदर्शकावरचं प्लॅस्टिकचं कव्हर तिने काढलं. डोळा लावून पाहिलं. भिंग पुसलं, शेजारचं स्टूल थोडं जवळ ओढलं.

मग कव्हर पुन्हा घातलं. धूळ फार बसते, आणि जून अजून लांब होता.